बावन्न नंबरचा माइक वेबस्टर आणि सेंटरची नोकरी

मोनोंगाहेला (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलवर आपल्याकडे धागे निघतात ते चाली चालवणाऱ्या क्वार्टरबॅकवर, नाहीतर सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरातल्या गाण्यावर. पिट्सबर्गमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला मात्र त्या माणसाबद्दल लिहावंसं वाटतंय, जो प्रत्येक चालीत चेंडूला सगळ्यात आधी हात लावतो आणि ज्याच्याकडे कॅमेरा ढुंकूनही बघत नाही. तो म्हणजे सेंटर.

ज्यांना खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू जमिनीवर असतो, त्याच्यावर सेंटर वाकलेला. समोर चेंडूच्या लांबीएवढी जागा सोडून, बहुतेक वेळा थेट नाकासमोर, प्रतिस्पर्धी संघाचा दीडशे किलोच्या आसपासचा गडी. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, याला स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की चाल सुरू. चेंडू कधी हलणार हे त्याला आणि त्याच्या संघाला माहीत असतं, समोरच्याला नसतं, एवढाच काय तो फायदा. तोटा असा की बाजूचे चार लाइनमन (रांगेत उभे राहून समोरच्यांना अडवणारे) दोन्ही हात मोकळे घेऊन उठतात, तेव्हा याचा एक हात अजून मागेच असतो. पहिला धक्का एका हाताने आणि डोक्याने घ्यायचा. मग दुसरा हात आणायचा. एका सामन्यात असं साठ-सत्तर वेळा.

माइक वेबस्टरचा जन्म १९५२ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या टॉमाहॉक गावचा. घरी बटाट्याची शेती. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो उत्तम सेंटर होता, पण उंची सहा फूट एक इंच आणि वजनही बेताचं, म्हणजे व्यावसायिक लीगच्या (एनएफएल) हिशोबात लहान चणीचा. म्हणून १९७४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पाचव्या फेरीपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. १२५ व्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सनी उचलला. त्याच ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट आणि जॉन स्टॉलवर्थ हेही घेतले. एका संघाने एकाच वर्षी ड्राफ्टमध्ये घेतलेले चारही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. असा योग पुन्हा कुणाच्या नशिबी आलेला नाही.

पहिली दोन वर्षं रे मॅन्सफील्ड हा जुना सेंटर होता आणि वेबस्टर त्याच्याबरोबर आलटून पालटून खेळायचा. १९७६ पासून जागा पूर्ण त्याची झाली. त्या वर्षी स्टीलर्सकडून चेंडू घेऊन धावणाऱ्या फ्रँको हॅरिस आणि रॉकी ब्लायर या दोघांनीही हजार-हजार यार्ड धाव काढली, तेही फक्त १४ सामन्यांच्या हंगामात. प्रशिक्षक चक नोल यांचा भर ‘ट्रॅप’ चालीवर असायचा. समोरच्या एकाला मुद्दाम आत येऊ द्यायचं आणि लांबच्या गार्डने (सेंटरच्या शेजारचा लाइनमन) आडवं धावत येऊन त्याला बाजूने उडवायचं. पण गार्ड जागा सोडून धावला की तिथे भगदाड पडतं, आणि ते बुजवायचं काम सेंटरचं. स्नॅप देता देता वळून आपल्यापेक्षा वजनदार माणसाला तिरकं अडवायचं. नोल यांना धिप्पाड नव्हे, चपळ लाइनमन हवे असायचे. वेबस्टर त्यांच्यासाठीच जन्माला आल्यासारखा.

१९७५, ७६, ७९ आणि ८० सालच्या जानेवारीत मिळून चार सुपर बोल जिंकले. नऊ वेळा प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. सलग १५० सामन्यांत सुरुवातीपासून मैदानावर. १९८६ मध्ये कोपर निखळलं तेव्हा ती मालिका तुटली. कडाक्याच्या थंडीतही उघडे दंड, बाही वर दंडाशी घट्ट, कारण सैल बाही म्हणजे समोरच्याला पकडायला आयती मूठ. १९८८ च्या हंगामानंतर तो थांबला. कॅन्सस सिटी चीफ्सने लाइनचा प्रशिक्षक म्हणून बोलावलं आणि त्यालाच सेंटरला उभं केलं. तिथे आणखी दोन वर्षं. एकूण १७ हंगाम, २४५ सामने.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच. १९७७ पर्यंत बचाव करणारा गडी लाइनमनच्या हेल्मेटवर उघड्या हाताने सणसणीत चपराक मारू शकत होता, ते नियमात बसत होतं. आणि १९७८ पर्यंत पासच्या चालीत (क्वार्टरबॅक चेंडू पुढे फेकतो तेव्हा) अडवणाऱ्याला हात लांब करून ढकलायची मुभा नव्हती. हात छातीशी आखडलेले. मग पुढे काय राहतं? डोकं. म्हणजे पहिली चार वर्षं वेबस्टरने डोक्यानेच नोकरी केली. नियम बदलल्यावरही सराव शिबिरांतल्या टकरी चालूच होत्या.

निवृत्तीनंतर तो पार विस्कटला. पैसा गेला, घर मोडलं. पिकअप ट्रकमध्ये झोपायचा, कधी रेल्वे स्टेशनवर. पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. झोप लागावी म्हणून स्वतःला विजेचा झटका देणारी बंदूक लावून घ्यायचा. १९९७ मध्ये कँटनला हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात स्टीलर्सचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉने त्याची ओळख करून दिली आणि अजून एक शेवटचा स्नॅप मागितला, लोक हसले. नंतर वेबस्टरचं स्वतःचं भाषण लांबलं, भरकटलं. १९९९ मध्ये औषधाच्या खोट्या चिठ्ठ्यांवरून खटलाही झाला. २४ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराने गेला. वय ५०.

लोक याला ‘दुर्दैवी शेवट’ म्हणतात. मला ते पटत नाही. दुर्दैव म्हणजे कोपर निखळणं. हे त्या जागेच्या कामातच होतं.

---

ढवळ्या

वाचला. मला तर तो वाकलेला माणूस म्हणजे चाल सुरू करायची कळ वाटायची, खेळाडू आहे हेच लक्षात आलं नव्हतं. एकूण आपला विकेटकीपर म्हणा की. नव्वद षटकं नीट केलं तर कुणी विचारत नाही, एक बाय गेला की सगळा गाव बोलतो.

---

अनुस्वार

चुकला तरच दिसतो, यासाठी दोन उदाहरणं. २ फेब्रुवारी २०१४ चा सुपर बोल. डेन्व्हरची पहिलीच चाल. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग पुढे येऊन काहीतरी ओरडून सांगत होता, सेंटर मॅनी रामिरेझला वाटलं हाच इशारा. चेंडू मॅनिंगच्या बाजूने सुसाट मागे, बारा सेकंदांत सिअॅटलला दोन गुण. पुढे ४३-८ असा धुव्वा. रामिरेझने त्या हंगामात हजारभर स्नॅप बरोबर दिले असतील, पण त्याचं नाव लोकांना माहीत आहे ते या एका स्नॅपमुळे.

दुसरं तुमच्याच पिट्सबर्गचं. जानेवारी २०२१, प्लेऑफ, क्लीव्हलंडविरुद्ध घरचं मैदान. मॉर्कीस पाउन्सीचा पहिला स्नॅप क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरच्या डोक्यावरून गेला आणि क्लीव्हलंडने तो गोलपट्टीत पकडून टचडाउन केला. सामना ४८-३७ असा गेला. पाउन्सी अकरा वर्षं तिथे सेंटर होता, त्या दशकातल्या उत्तम सेंटर्सपैकी एक. त्यानंतर महिनाभरात निवृत्त. म्हणजे शेवटच्या सामन्याची सुरुवात ही अशी.

स्टीलर्सची सेंटरची गादी हा वेगळा धागा होईल. मॅन्सफील्ड, वेबस्टर, मग डर्मॉन्टी डॉसन (तोही हॉल ऑफ फेम, सलग १७० सामने), हार्टिंग्ज, पाउन्सी. इतर संघ क्वार्टरबॅकच्या पिढ्या मोजतात, हे लोक सेंटरच्या मोजतात.

---

मोनोंगाहेला

@ढवळ्या, कीपरला कुणी दर चेंडूला छातीवर येऊन धडकत नाही हो.

आणि अंगमेहनतीइतकंच डोक्याचं कामही आहे, ते वर राहून गेलं. चाल सुरू व्हायच्या आधीच्या पाच-सात सेकंदांत सेंटर समोरची मांडणी वाचतो. मधला लाइनबॅकर (लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू) कोणता धरायचा ते बोटाने दाखवून ओरडतो, त्यावरून पाचही जण कोण कुणाला अडवणार ते ठरतं. टीव्हीवर आवाज नीट ऐकलात तर ऐकू येतं. समोरचेही फसवायला जागा बदलत राहतात, मग पुन्हा नवा हुकूम.

---

डॉ_अजिंठा

माझा विषय मेंदू असल्यामुळे थोडी भर घालतो.

वेबस्टरचं शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू तेव्हा अॅलेघेनी काउंटीच्या कोरोनर कार्यालयात (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या) होते. मूळचे नायजेरियाचे. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि माझ्या मते तेच बरं झालं. मेंदू वरून बघताना ठीकठाक दिसत होता. आकुंचन नाही, जखम नाही. अशा वेळी बहुतेक जण कागदावर हृदयविकार लिहून मोकळे होतात. यांनी मेंदू राखून ठेवला, काप काढून रंगवून पाहिले. तेव्हा टाउ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या, अल्झायमरमध्ये सहसा दिसतात त्यापेक्षा वेगळ्या मांडणीत. २००५ मध्ये न्यूरोसर्जरीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात निबंध आला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. मागे घेतला गेला नाही.

आजाराचं नाव सीटीई. बॉक्सरांमध्ये तसं काहीतरी असतं हे १९२८ पासून नोंदलेलं होतं, फुटबॉलपटूत सापडलं ते पहिल्यांदाच.

दोन गोष्टी मात्र सांभाळून बोलाव्यात. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. आणि बोस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये दिलेला आकडा, माजी एनएफएल खेळाडूंच्या ३७६ मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई, हा ‘९० टक्के खेळाडूंना होतो’ असा वाचायचा नाही. ज्यांच्या घरच्यांना शंका होती त्यांचेच मेंदू तिथे जास्त आले. खरं प्रमाण त्यापेक्षा कमीच असणार. पण कमी म्हणजे थोडं नव्हे. आणि महत्त्वाचं हे की बेशुद्ध पडायला लावणारा एखादा मोठा फटका लागतोच असं नाही. वर्षानुवर्षं बसणारे छोटे धक्के पुरतात. धागाकर्त्याने सेंटरबद्दल जे लिहिलंय ते नेमकं इथे लागू पडतं.

---

कट्टर_काउबॉय

डॅलसचा चाहता असल्याने वेबस्टरचं कौतुक वाचताना पोटात दुखतंय, दोन सुपर बोल आमच्याकडूनच नेले. तरी बोलतो.

जरा एकांगी होतंय. वेबस्टर स्वतःच्या मर्जीने १७ वर्षं खेळला. चीफ्सने प्रशिक्षक म्हणून बोलावलं असताना पुन्हा मैदानात उतरला, कुणी पाठीला बंदूक लावली नव्हती. त्या काळच्या लॉकर रूममधला स्टेरॉइडचा मुद्दाही तुम्ही वगळलात. त्याच संघातल्या स्टीव्ह कोर्सनने १९८५ मध्ये स्वतःबद्दल जाहीर सांगितलं होतं. आणि शेकडो सेंटर खेळून गेले, सगळे ट्रकमध्ये झोपले का?

जिम ओटो घ्या. ऑकलंड रेडर्स, ००  नंबर, १५ हंगामांत एकही सामना चुकवला नाही. सत्तरवर शस्त्रक्रिया झाल्या, २००७ मध्ये उजवा पाय कापावा लागला. तरी शेवटपर्यंत पुन्हा खेळेन म्हणायचा. २०२४ मध्ये ८६ व्या वर्षी गेला. त्याला बिचारा म्हणणारे तुम्ही कोण?

(आणि हो, चेंडू लांब मागे फेकायची शॉटगन मांडणी सत्तरच्या दशकात पुन्हा रुळवली ती आमच्या टॉम लँड्रींनी. आज सगळी लीग तेच करते.)

---

मोनोंगाहेला

ओटोला मी बिचारा म्हटलं नाही, वेबस्टरलाही नाही. स्टेरॉइडचं म्हणाल तर कोर्सन स्वतःबद्दल बोलला. त्याचं माप वेबस्टरच्या पदरात कसं घालता?

मर्जीचं बोलू. मर्जी म्हणायला माहिती लागते. लीगने १९९४ मध्ये डोक्याच्या दुखापतींवर समिती नेमली आणि अध्यक्ष केला एक संधिवाततज्ज्ञ. ही समिती वर्षानुवर्षं सांगत राहिली की खेळाडूंना दीर्घकालीन धोका दिसत नाही. आणि त्याच काळात, १९९९ मध्ये, खेळाडूंच्या निवृत्ती योजनेच्या मंडळाने वेबस्टरला फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींमुळे पूर्ण अपंगत्व आलंय हे कागदोपत्री मान्य केलं. म्हणजे एका दालनात नाकारायचं आणि शेजारच्या दालनात सही करायची. त्यातही ‘अपंगत्व निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने आलं’ असा पवित्रा घेऊन मोठा लाभ नाकारला. फरकाचे पैसे दहा लाख डॉलरच्या वर जात होते. हा दावा वेबस्टर गेल्यावरही त्याच्या वारसांतर्फे चालला आणि डिसेंबर २००६ मध्ये अपील न्यायालयातही योजना हरली.

लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईचा संबंध अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर उघड मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये. वेबस्टर जाऊन साडेतेरा वर्षं झाली होती.

---

बापू_लातूर

एक भाबडा प्रश्न. एवढा महत्त्वाचा गडी तर पैसे किती? पाचव्या फेरीत घेतला म्हणता.

---

अनुस्वार

बापू, आजघडीला बरे आहेत. चीफ्सच्या क्रीड हम्फ्रीने ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो सेंटरसाठी विक्रम होता. पण लाइनच्या टोकाला उभे राहणारे टॅकल याहून कितीतरी जास्त घेतात, कारण ते क्वार्टरबॅकची न दिसणारी बाजू सांभाळतात. ड्राफ्टमध्येही सेंटर मागेच राहतात. वेबस्टर पाचव्या फेरीत, जेसन केल्सी सहाव्या.

---

फिलीची_वहिनी

केल्सीचं नाव निघालं, आता मला कुणी थांबवू नका. माझ्या नवऱ्याने आणि दिराने मिळून मला फिलाडेल्फिया ईगल्सची दीक्षा दिली, आणि आता घरात सगळ्यात जास्त ओरडते ती मीच.

जेसन केल्सी, क्लीव्हलंड हाइट्सचा. शाळेत लाइनमन नव्हताच. सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाला, तिथे त्याला लाइनवर ढकलला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये १९१ वा. सगळे म्हणायचे, लहान आहे. सेंटर म्हणून १३०-१३५ किलो म्हणजे त्यांच्या लेखी लहान! दुसऱ्याच वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. परत आला. २०१४ मध्ये चार सामने हुकले, त्यानंतर निवृत्तीपर्यंत सलग १५६ सामने, हा ईगल्सचा विक्रम. सहा वेळा लीगच्या सर्वोत्तम अकरांमध्ये.

त्याचं वैशिष्ट्य म्हणजे धाव. स्नॅप द्यायचा आणि तिथे झुंजत न बसता उठून बाहेर पळायचं, वीस यार्ड पुढे जाऊन एखाद्या लाइनबॅकरला गाठायचं. मोनोंगाहेला, तुमचा डॉसन ते आधी करायचा हे मला माहीत आहे, तेवढं श्रेय दिलं. पण केल्सीसारखं रोज करणारा मी पाहिला नाही. जागा न सोडता टक्कर घेण्याऐवजी पळून कोनातून अडवणं, यामुळे त्याच्या डोक्याला धक्के थोडे कमी बसले असतील का हो डॉक्टर?

आणि ते भाषण! फेब्रुवारी २०१८ ची मिरवणूक, ईगल्सचा पहिला सुपर बोल. हा बाबा आमच्या ममर्सच्या नववर्ष मिरवणुकीतला झगमगीत हिरवा पोशाख घालून कला संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभा. एकेका सहकाऱ्याचं नाव घेऊन लोकांनी त्याला काय म्हणून हिणवलं ते सांगत गेला, स्वतःचं ‘लहान आहे’ धरून. एरवी सेंटरचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी त्याने तेरा वर्षांचा कोटा एकदम काढला. २०२३ मध्ये भावाविरुद्ध, ट्रॅव्हिसच्या चीफ्सविरुद्ध सुपर बोल हरला. ३८-३५. आईने दोन्ही संघांचा अर्धा-अर्धा पोशाख घातला होता. मार्च २०२४ मध्ये बिनबाह्यांच्या बनियनमध्ये ढसाढसा रडत निवृत्त झाला. मीही रडले, लपवत नाही.

---

कट्टर_काउबॉय

वहिनी, शेवटच्या यार्डासाठी क्वार्टरबॅकला मागून ढकलायची तुमची ती चाल सांगितली नाहीत. त्यात सगळ्यात खाली चिरडला जाणारा केल्सीच असायचा. तो प्रकार बंद करा म्हणून मे २०२५ मध्ये संघमालकांनी मतदान घेतलं. २२ विरुद्ध १०, दोन मतं कमी पडली. पाहताना किळस येते.

---

फिलीची_वहिनी

थांबवता येत नाही म्हणून किळस येते.

---

डॉ_अजिंठा

वहिनी, कोनातून अडवण्याबद्दल खात्रीने काही म्हणणं धाडसाचं होईल. सरावातले धक्के मोजावेत हे जास्त महत्त्वाचं. सामने हंगामात सतरा, सराव त्याच्या कितीतरी पट. २०११ च्या करारानंतर एनएफएलमध्ये हंगामभरात पॅड घालून करायचे सराव १४ वर आणले गेले. वेबस्टरच्या काळी असं काही बंधन नव्हतं. हेल्मेटवर बसवायची मऊ टोपीही २०२२ पासून शिबिरांत लाइनमनना सक्तीची झाली. दिसते विचित्र, पण पोरं घालतात.

---

एडिसनकर

बराच वेळ वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मुलगा नववीत आहे, अंगाने भरलेला. शाळेच्या संघात प्रशिक्षकांनी त्याला सेंटरला उभं केलंय, कारण चाली लवकर पाठ होतात आणि डोकं शांत आहे म्हणे. तो हवेत तरंगतोय. त्याच्या आजीला पुण्यात फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, लागत नाही ना रे? काय सांगू.

न्यू जर्सीत शाळांना २०१९ पासून हंगामात आठवड्याला फक्त १५ मिनिटं पूर्ण टकरीचा सराव करता येतो. आधी ९० मिनिटं होता. याने मन थोडं हलकं झालं होतं. हा धागा वाचून पुन्हा जड झालं. डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं?

---

डॉ_अजिंठा

माझा मुलगा असता तर चौदा वर्षांपर्यंत टकरीचा फुटबॉल दिला नसता, फ्लॅग फुटबॉल (टक्कर न देता कमरेची पट्टी ओढून अडवायचा) दिला असता. तुमचा त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे सरळ ‘नाही’ सांगायला माझ्याकडे तेवढा भक्कम आधार नाही. पण प्रशिक्षकांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. सामन्यात डोकं आपटल्याची शंका आली तर बाहेर काढायचा निर्णय कोण घेतं, प्रशिक्षक की अॅथलेटिक ट्रेनर? आणि ट्रेनर प्रत्येक सामन्याला हजर असतो का? उत्तर अडखळत आलं तर मुलाला दुसरी जागा नव्हे, दुसरा खेळ शोधा. मुलालाही सांगा, डोकं दुखलं तर लपवायचं नाही. या वयात जागा जाईल म्हणून हमखास लपवतात.

---

मोनोंगाहेला

एडिसनकर, मुलाला वेबस्टरची सगळी गोष्ट सांगा, चार सुपर बोलपाशी थांबू नका. नववीतल्या पोराला झेपते.

---

एडिसनकर

गुरुवारी प्रशिक्षकांना भेटतोय. मुलाला धागा वाचायला दिला, मराठी वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवतोय. ट्रॅप चालीशी आलोय. तो म्हणतो, बाबा, ते ‘भगदाड’ आम्हीही बुजवतो, पण तुम्ही सांगता त्याच्या उलट्या पायाने.